तूप काढलं, पण तुपाचं काम कोण करणार?

खारघरहून एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं: घरात ओव्हन नाही. चार वर्षांच्या मुलीला दुधाची ॲलर्जी आहे, सासऱ्यांना मधुमेह. म्हणून दूध, तूप, मावा यांपैकी काहीही न घालता, बेक न करता होणारं आणि जरा पौष्टिक असं गोड त्यांना घरी करायचंय. खजुराचे लाडू केले, चौथ्या दिवशी त्यांवर बुरशी आली. खोबरेल तेल आणि कोको घालून वडी केली, ती फ्रिजमध्ये छान होती पण ताटात ठेवल्यावर पंधरा मिनिटांत पसरली. चुकलं कुठे, हे सगळं खरंच पौष्टिक आहे का आणि गणपतीत नैवेद्याला काय करायचं, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि गेली अकरा वर्षं असे बिनदुधाचे गोड पदार्थ ऑर्डरप्रमाणे करून देते. ताई, तुमच्या हाताचं फारसं काही चुकलेलं नाही. कृती दुसऱ्या हवेतली होती. जिथे घरातलं तापमान वीस अंशांच्या आसपास असतं तिथे खोबरेल तेलाची वडी टेबलावर तासभर उभी राहते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी खोबरेलाची बाटली गोठलेली दिसते, एरवी वर्षभर ती पातळच असते. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना वितळतं. त्याच्या जिवावर उभी केलेली वडी ठाणे-नवी मुंबईत टिकणार कशी?

मी स्वतः हे एका मे महिन्यात शिकले. ऐरोलीला बारशासाठी साठ वड्या द्यायच्या होत्या. बर्फाच्या पिशव्या लावून डबे भरले आणि रिक्षाने निघाले. कळवा-विटावा रस्त्यावर पाऊण तास गाडी हलली नाही. पोहोचले तेव्हा डब्यात वड्यांच्या जागी तपकिरी लगदा होता. त्या घरच्या आजींनी तो वाट्यांत घालून चमच्याने वाढला, मला एका शब्दानेही दुखावलं नाही. पण त्या दिवसापासून मी तूप नक्की काय काम करतं याचा विचार करायला लागले.

बेसनाच्या लाडवात तूप तीन कामं करतं. पिठाच्या प्रत्येक कणाला वेढून त्याचा कोरडेपणा घालवतं. वळताना मऊ असतं आणि गार झालं की आळतं, म्हणून लाडू आकार धरतो. आणि पीठ भाजताना खरपूस वास देतं. तुपात वेगवेगळ्या तापमानाला वितळणारे मेद एकत्र असतात, म्हणून ते उन्हाळ्यातही बराच काळ रवाळ, अर्धवट घट्ट राहतं. खोबरेल तेल मात्र पाहता पाहता पाण्यासारखं होतं. तूप काढून त्याच मापाने दुसरं तेल ओतलं तर पहिलं काम होतं, दुसरं होत नाही आणि तिसरं अर्धवट होतं. म्हणून मी तुपाला एकच एक पर्याय शोधत नाही, तिन्ही कामं वेगवेगळ्या जिनसांना वाटून देते.

कोरडेपणा घालवायला दाण्यांचं, तिळाचं किंवा काजूचं लोणी. शेंगदाण्यात आणि तिळात जवळजवळ अर्धं वजन तेलाचंच असतं. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात भाजलेले दाणे थांबत थांबत फिरवले तर कूट होतं, सतत फिरवले तर पात्याच्या घर्षणाने भांडं तापतं, दाणे तेल सोडतात आणि लोणी होतं. लाडवाला दोन्ही हवं असतं. अर्ध्या दाण्यांचं जाडसर कूट, अर्ध्यांचं लोणी. सगळंच लोणी केलं तर लाडू हाताला तेलकट लागतो आणि टाळूला चिकटतो. सगळंच कूट ठेवलं तर वळलेला लाडू दुसऱ्या दिवशी फुटतो.

पकडीसाठी खजूर, अंजीर, गुळाचा पाक किंवा चायना ग्रास. यांतलं काहीही ३५-३६ अंशांना वितळत नाही. आणि खरपूस वासासाठी भाजणं. इथे 'बेक न करता' या शब्दांचा घोळ होतो. बेक करायचं नाही म्हणजे गॅसच लावायचा नाही असं नाही. लोखंडी कढईत मंद आचेवर तीळ तडतडेपर्यंत, दाणे साल सुटेपर्यंत, नाचणीचं पीठ रंग गडद होऊन वास सुटेपर्यंत भाजायलाच हवं. कच्चं पीठ लाडवात घालू नका, ते पचायला जड आणि खायला असुरक्षित. तेवढाही वेळ नसेल तर पंढरपुरी डाळं घ्या. ते भाजलेलंच असतं. मिक्सरवर बारीक करून चाळलं की बेसनाच्या लाडवाच्या जवळ जाणारी चव गॅस न पेटवता मिळते. आपल्याकडच्या आज्या पाहुणे दारात आले की डाळ्याचे लाडू उगाच वळत नसत.

आता खजूर. तुम्ही कृतीत लिहिल्याप्रमाणे खजूर पाण्यात तासभर भिजवला, पिळून वाटला. बुरशी तिथूनच आली. खजूर मुळात टिकतो, कारण त्यातल्या साखरेने पाणी धरून ठेवलेलं असतं आणि बुरशीला ते वापरता येत नाही. भिजवला की तुम्ही बुरशीला पाणी हातात आणून दिलं. त्यात जुलैची खारघरची हवा. मऊ करायचाच असेल तर बिया काढून इडलीपात्राच्या ताटलीत पाच मिनिटं वाफवा, मग पंख्याखाली पसरून पृष्ठभाग कोरडा होऊ द्या. मऊ काळा खजूर मिळाला तर तेही नको, हाताने कुस्करला तरी चालतो. बिया काढल्याचं पाकीट घेतलं तरी प्रत्येक खजूर उघडून पाहा, आत कधी बीचा तुकडा असतो, कधी कीड.

माझं रोजचं माप सांगते, ते वजनावर करा, वाटीवर नको, कारण प्रत्येकाची वाटी वेगळी. बिया काढलेला खजूर १५० ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे १५०, भाजलेले तीळ ७५, डाळ्याचं पीठ ५०, हलके भाजून दळलेले जवस २५. चिमूटभर मीठ, वेलची, थोडं जायफळ. मीठ विसरू नका, त्याने गोडी उठून येते आणि खजूर कमी लागतो. आधी दाण्यांचं कूट आणि लोणी करून घ्या. तिळातले निम्मे अख्खे ठेवा. खजूर आणि डाळ्याचं पीठ मिक्सरमध्ये एकत्र फिरवा, म्हणजे खजुराचा गोळा पात्यावर बसत नाही. मग सगळं परातीत घेऊन तळहाताच्या मुळाशी चांगलं मळा, पुरणाची कणीक मळतो तसं, पाच मिनिटं तरी. मळताना दाण्याचं तेल सुटतं आणि मिश्रण चकाकायला लागलं की वळायला घ्या. कोरडं वाटलं तर पाण्याचा हात लावू नका, चमचाभर दाण्याचं लोणी वाढवा. पंधरा-पंधरा ग्रॅमचे तीस लाडू होतात, सुपारीहून मोठे आणि लिंबाहून लहान.

ताटात उघडे ठेवून तासाभराने स्टीलच्या डब्यात भरा. उन्हाळा-हिवाळ्यात बाहेर आठवडाभर राहतात, पावसाळ्यात मी सरळ फ्रिजमध्ये ठेवायला सांगते. फ्रिजमधला डबा बाहेर काढला की लगेच उघडू नका. वीस मिनिटं बंदच राहू द्या. उघडलात तर आपल्या दमट हवेतली वाफ थंड लाडवांवर दव होऊन बसते आणि तेच लाडू परत डब्यात गेले की चिकट होतात. ही एक सवय लावली की माझ्या गिऱ्हाइकांच्या निम्म्या तक्रारी गेल्या. लागतील तेवढे लाडू लहान डब्यात वेगळे काढणं त्याहून सोपं.

ओला नारळ घातलेली कोणतीही गोष्ट या हिशोबात धरू नका. ती त्याच दिवशी संपवायची किंवा फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. टिकवायचं असेल तर सुक्या खोबऱ्याचा कीस, तोही भाजून.

वड्यांसाठी मला चायना ग्राससारखा दुसरा मित्र नाही. समुद्री शेवाळापासून काढलेला, म्हणजे जिलेटिनसारखा प्राणिज नाही. त्याचा गुण असा की उकळल्याशिवाय तो विरघळत नाही, ३५-४० अंशांच्या आसपास आळतो आणि एकदा आळला की ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. म्हणजे आपल्या मे महिन्यात फ्रिजशिवाय सेट होतो आणि सेटच राहतो. आंब्याच्या दिवसांत मी हापूसच्या वड्या अशा करते: आंब्याचा रस ३५० मिलिलिटर, नारळाचं दाट दूध १५०, पाणी २५०, चायना ग्रासची पावडर ७ ग्रॅम. पावडर गार पाण्यात दहा मिनिटं भिजू द्या, मग ढवळत उकळा आणि दोन-तीन मिनिटं उकळतंच ठेवा, चमच्याच्या पाठीवर कण दिसेनासे होईपर्यंत. आच मंद करून नारळाचं दूध घाला, फक्त गरम होऊ द्या, खळखळ उकळलं तर फुटतं. गॅस बंद करून रस मिसळा. रस फ्रिजमधला थंडगार असू नये, नाहीतर ओतता ओतताच गाठी आळतात. लगेच ताटात ओता. अर्ध्या-पाऊण तासात सुरीने वड्या पडतात. रस गोड असेल तर साखर लागतच नाही. कोकम, लिंबू किंवा चिंच घालून वेगळी चव करायची असेल तर ती चायना ग्राससोबत उकळू नका, आंबटपणाने त्याची पकड ढिली होते. उतरवल्यावर घाला. या वड्या बाहेर टिकणाऱ्या नाहीत, हे लक्षात ठेवा. आकार टिकतो, पण फळ ते फळच, फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा.

तुमची कोकोची वडीही वाचवता येईल. त्यातलं खोबरेल तेल काढून तेवढंच काजूचं किंवा दाण्याचं लोणी घाला आणि पकडीला थोडा खजूर. कोको पावडर चाळून घाला. चमकणारी चॉकलेटसारखी वडी होणार नाही, मऊ मोदकासारखी होईल, पण ताटात राहील. खऱ्या चॉकलेटचं आवरण द्यायचा मोह मी नोव्हेंबर ते फेब्रुवारीपुरताच ठेवते. कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून तर चॉकलेट जिभेवर विरघळतं. एप्रिलच्या दुपारी आपलं स्वयंपाकघर जिभेइतकंच गरम असतं.

सामान कुठून घ्यावं, हेही सांगते. तुम्हाला वाशीच्या एपीएमसीचा मसाला बाजार जवळ आहे, तिथे सुकामेवा आणि खजूर भरपूर प्रकारचे मिळतात. मी जांभळी नाक्यावरून घेते. काजू महाग पडत असतील तर अख्खे नकोत, तुकडा घ्या, वाटायचाच आहे. त्याहून स्वस्त म्हणजे मगज, खरबुजाच्या बिया. भिजवून वाटले की दुधासारखा पांढरा दाटपणा येतो. शेंगदाणे मात्र स्वस्त बघून घेऊ नका, पावसाळ्यात तर नाहीच. सुरकुतलेला, काळपट, कडू दाणा दिसला की काढून टाका. दाण्यांवर येणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक असतं आणि घरच्या भाजण्याने पूर्णपणे नाहीसं होत नाही. निवडायला बसले की मी हातातला फोन बाजूला ठेवते. जवस आणि अक्रोड लवकर खवट होतात. जवस अख्खे पचत नाहीत, दळावेच लागतात, पण दळले की तेल हवेला उघडं पडतं. आठवड्यापुरतेच दळा, फ्रिजमध्ये ठेवा.

पौष्टिकतेबद्दल मला स्पष्ट बोलायचंय, कारण इथे लोकांची फसगत होते. 'बिनसाखरेचा लाडू' म्हणून खजुराचा लाडू विकला जातो. १०० ग्रॅम खजुरात ६० ग्रॅमहून जास्त साखर असते. तिच्यासोबत चोथा आणि खनिजं येतात हे खरं, पण साखर ती साखर. गुळातही ८० टक्क्यांहून अधिक साखरच असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर, मध, पाक असं सगळं मिळून दिवसभराच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं, जमल्यास पाच टक्क्यांच्या, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम. गूळ आणि खजुराचा पाक या हिशोबातच येतात. तसंच तुपाच्या जागी खोबरेल तेल घातलं म्हणजे हृदयाला बरं, असंही नाही. साजूक तुपात साठेक टक्के संपृक्त मेद असतात, खोबरेल तेलात ऐंशी टक्क्यांहून जास्त. तूप काढण्याची कारणं वेगळी असू शकतात, तुमच्या घरी ॲलर्जीचं कारण आहेच, पण त्या नावाखाली खोबरेल तेल वाटीवाटीने ओतू नका.

मग बरं काय होतं? लाडू लहान होतो, त्यातली गोडी कमी होते आणि पीठ-साखरेच्या जागी डाळ, दाणे, तीळ येतात. वर दिलेल्या मापात एका लाडवात साधारण तीन ग्रॅम साखर आणि ६५ ते ७० कॅलरी येतात. सासऱ्यांच्या डॉक्टरांना हे आकडे सांगा आणि किती चालेल ते त्यांनाच ठरवू द्या. माझा अनुभव असा की जेवणानंतर एक लाडू चालतो, पण 'शुगरवाल्यांचा लाडू' म्हणून डबा समोर ठेवला की चार जातात. डबा समोर ठेवू नका, एक लाडू वाटीत द्या. नाचणीचा लाडू त्यांना आवडेल. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि दूध बंद असलेल्या तुमच्या मुलीलाही ते उपयोगी पडेल. वरच्या मापात डाळ्याच्या पिठाऐवजी भाजलेलं नाचणीचं पीठ घातलं की झालं, फक्त दाण्याचं लोणी थोडं वाढवावं लागतं, नाचणी तेल पिते.

मुलीबद्दल काळजीने सांगते. दूध न पचणं आणि दुधाची ॲलर्जी या दोन गोष्टी वेगळ्या. ॲलर्जीत दुधातल्या प्रथिनांचा प्रश्न असतो आणि तुपातही त्यांचा अंश राहू शकतो. तेव्हा तुपाचा हात लागलेली परात, पेढे वाटलेलं मिक्सरचं भांडं चालणार नाही. तिच्यासाठी एक भांडं आणि एक कालथा वेगळाच ठेवा. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घेऊ नका, तो शाकाहाराचा आहे, त्यात दूध चालतं. २०२२ च्या नियमांनंतर व्हीगन पदार्थांवर वेगळं हिरवं चिन्ह येतं, पण तेही ॲलर्जीची हमी नाही. त्याच यंत्रावर दुधाचा माल बनत असेल तर अंश राहू शकतो, म्हणून मागची बारीक अक्षरातली ओळ वाचाच. डार्क चॉकलेटमध्येही अनेकदा दुधाचा अंश सापडतो. आणि मी ज्यांवर एवढा भर दिला ते दाणे, तीळ, काजू, यांचीही काही मुलांना ॲलर्जी असते. पहिल्यांदा देण्याआधी तिच्या डॉक्टरांना विचारा. शाळेच्या डब्यातून वर्गात वाटायला काही देऊ नका.

राहता राहिला गणपतीचा नैवेद्य, आणि तिथे तर तुम्हाला काही नवीन शोधायचंच नाही. उकडीचा मोदक वाफेवर होतो. त्यात ओलं खोबरं, गूळ, तांदळाची पिठी. उकडीच्या पाण्यात लोण्याऐवजी चमचाभर तेल घाला, इथे खोबरेल तेल खुशाल वापरा, नारळाशी त्याचा वास जुळतो आणि चमचाभरच लागतं. बाटलीवर ते खाद्यतेल असल्याचं लिहिलेलं बघून घ्या. सारण भाजताना तूप लागतच नाही, नारळ स्वतःचं तेल सोडतो. गूळ नारळाच्या निम्म्याहून थोडा कमी घ्या आणि त्यात भाजलेली खसखस, वेलची, थोडे कुटलेले तीळ घाला, गोडी कमी केल्याचं कोणाच्या लक्षात येत नाही. वाढताना मुलीच्या ताटात तुपाच्या धारेऐवजी नारळाचं दाट दूध घाला, चिमूटभर मीठ आणि केशराच्या दोन काड्या टाकून. आदल्या रात्री सारण करून फ्रिजमध्ये ठेवलं तर चालतं, पण उकड सकाळीच काढा आणि मोदक दुपारपर्यंत संपवा.